बंड्याचा डबा

ऑफिसात मी कँटीनवाला म्हणून प्रसिद्ध. डबा आणणं आपल्याला कधी जमलंच नाही. पण गेल्या वर्षी मी रोज सकाळी साडेसहाला कुकर लावायला लागलो. स्वतःसाठी नाही हो, बंड्यासाठी!

बंड्या म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमधून उचलून आणलेलं पिल्लू. त्याला दिवसभर एकटं टाकून ऑफिसला जायचं, हे मनाला टोचायचं. मग भरपाई जेवणातून. पाकिटातलं कोरडं खाणं? छे! आमचा बंड्या घरचंच खाणार. चिकन, भात आणि थोडा लाल भोपळा. पठ्ठ्या वाटी चाटून लख्ख करायचा. मी खूश!

पाच महिन्यांचा झाला आणि एक दिवस लंगडायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि विचारलं, "खायला काय देता?" मी अभिमानाने मेनू सांगितला. "आणि कॅल्शियम?" मी गप्प.

हाडं काढलेल्या चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शियम नावाला. वाढत्या पिल्लाला ते खाण्यातून मिळालं नाही, की शरीर ते हाडांतूनच ओढून घेतं. म्हणजे मी प्रेमाने वाढत होतो आणि बंड्याची हाडं ठिसूळ होत होती. बरं, शिजवलेली हाडं द्यावीत, तर त्यांचे टोकदार तुकडे होऊन आतड्यात रुततात. आणि घाईच्या दिवशी मी आपल्याच रश्श्यातलं चिकन द्यायचो, त्यातला कांदा-लसूण तर कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींचा शत्रू!

नेटवरची रेसिपी बघून करू, असं वाटत असेल तर थांबा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि वेबसाइट्सवरच्या २०० रेसिपी तपासल्या. त्यातल्या ९५ टक्के रेसिपींमध्ये किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला.

बंड्या मग काही महिने पिल्लांसाठीचं पाकिटातलंच खाणं खात होता. तेच, ज्याला मी नाकं मुरडली होती! आता तो मोठा झालाय, जिने धडाधड चढतो. घरचं जेवण पुन्हा सुरू झालंय, पण डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिलेल्या तक्त्याप्रमाणे. चिकन काट्यावर तोलून, कॅल्शियमची पावडर मोजून, मीठ-मसाला शून्य.

परवा आईला फोनवर हे सगळं कौतुकाने सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "छान. आता स्वतःच्या पोटाचंही जरा बघ की रे!"

उद्यापासून कुकरमध्ये दोन डबे.