आधी सांगा, मग मारा!

गेल्या गुरुवारी रात्री दीड वाजता माझा मॅक अडकला. स्क्रीनवर ती रंगीत भिंगरी गरगरतेय, आतला पंखा मिक्सरसारखा घरघरतोय आणि सकाळी नऊला लेख द्यायचाय. सिस्टिम अ‍ॅडमिन मित्राच्या तोंडून ऐकलेला मंत्र आठवला : ‘किल मायनस नाइन’. मारला! मॅक शांत झाला. आणि सेव्ह न केलेले माझे बाराशे शब्दही! मग काय, पहाटे पाचपर्यंत पुन्हा टायपिंग.

मित्राला सांगितलं तर तो माझ्यावरच उखडला. ‘‘अगं, डायरेक्ट नऊ नंबर? आधी नीट सांगून तरी बघायचंस!’’

तर मंडळी, मॅक आणि लिनक्स दोघंही युनिक्सच्या घराण्यातले. इथे चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम म्हणजे एक प्रोसेस आणि तिला एक नंबर, म्हणजे पीआयडी. टर्मिनल उघडून रोमन अक्षरांत ‘टॉप’ टाइप केलं की सगळ्यांची हजेरी लागते. सीपीयूच्या रकान्यात ज्याचा आकडा शंभराच्या आसपास अडून बसलाय, त्याच्यावर पहिला संशय. नंबर टिपा, ‘क्यू’ दाबून बाहेर या. प्रोग्रॅमचं नाव माहीत असेल, तर ‘पीग्रेप’ आणि पुढे ते नाव दिलं की नंबर थेट हातात.

आता ‘किल’. नाव भयंकर असलं तरी ही कमांड फक्त सिग्नल पाठवते. ‘किल २४१७’ एवढंच लिहिलं तर जातो १५ नंबरचा सिग्नल. म्हणजे नोटीस पिरियड! प्रोग्रॅमची तशी सोय असेल, तर तो फाइल्स नीट बंद करतो, पसारा आवरतो, मग निघतो. मध्ये ‘मायनस ९’ घातलं, की विषय संपला. ते प्रोग्रॅमला कळतसुद्धा नाही, ऑपरेटिंग सिस्टिमच त्याला परस्पर उडवते. सेव्ह करायला एक क्षणही मिळत नाही.

म्हणून आधी १५, मग दहा-पंधरा सेकंद दम धरा, पुन्हा यादी बघा. तरी हलत नसेल, तरच ९.

त्या रात्री १५ ने माझे शब्द वाचलेच असते असं नाही. पण संधी तरी मिळाली असती. आता मी दर परिच्छेदानंतर सेव्ह करते. हासुद्धा केलाय!