भरलेल्या टाकीतील पोकळी

कूलंट बदलून, टाकी काठोकाठ भरून गाडी गॅरेजमधून घरी येते. गावातल्या गावात ती आठ दिवस निमूट धावते आणि पहिल्याच लांबच्या प्रवासात, भरल्या कुटुंबासह खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट चढताना, तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागतो. गळती कोठेच दिसत नाही. अशा वेळी दोष बरेचदा आत कोंडलेल्या हवेचा असतो. वहीत शिल्लक दिसावी आणि गल्ल्यात ती नसावी, तसाच हा प्रकार: टाकी भरलेली, पण इंजिनाचा काही भाग कोरडा.

हवा द्रवापेक्षा हलकी असल्याने ती उंच जागा शोधते. सिलिंडर हेडचा वरचा भाग, थर्मोस्टॅटच्या मागची पोकळी आणि केबिनमधील हीटरची जाळी ही तिची ठाणी. पंप द्रव ढकलतो. हवेपुढे तो दुबळा ठरतो. जिथे द्रव पोहोचत नाही तिथला धातू तापत राहतो. मग अॅल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केट जळते आणि थोडक्या वेळाची बचत फार महागात पडते. तापमान मोजणारा सेन्सरच हवेत आला, तर काट्याचाही भरवसा राहत नाही. काटा अकारण वरखाली होणे, हीटरमधून मध्येच गार वारा येणे, डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्याचा आवाज येणे, ही याची लक्षणे.

हवा काढण्याचे काम इंजिन पूर्ण गार असतानाच करावे. भरण्याचे तोंड सर्वात उंच यावे म्हणून गाडीचा पुढचा भाग किंचित चढावर ठेवावा, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना अडसर लावावा. हीटर सर्वाधिक उष्णतेवर ठेवावा, म्हणजे त्याच्या जाळीतूनही द्रव फिरेल. उत्पादकाने सांगितलेले कूलंटच हळूहळू ओतावे. हवा सोडण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करावा आणि बुडबुड्यांविना सलग धार येऊ लागली की घट्ट करावा.

नंतर टोपण उघडे ठेवूनच इंजिन सुरू करून मंद गतीवर चालू द्यावे. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसला उघडतो. तो उघडताच रेडिएटरची वरची नळी गरम होते, बुडबुडे वर येतात आणि पातळी एकदम खाली जाते. तेवढी भर हळूच घालावी. चेहरा तोंडावर आणू नये. पंखा एकदोनदा सुरू होऊन थांबला आणि बुडबुडे संपले की टोपण लावावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनावर, पातळी पुन्हा पाहावी. काही गाड्यांना निराळी पद्धत लागते, म्हणून गाडीची पुस्तिका आधी वाचावी. बुडबुडे थांबतच नसतील, तर गॅस्केटमधून ज्वलनाचा वायू आत येत असण्याची शक्यता असते. तिथे मेकॅनिकच हवा.

तापलेल्या इंजिनाचे टोपण मात्र कधीही उघडू नये. बंद यंत्रणेत दाब असल्याने द्रव १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण फिरताच दाब सुटतो आणि उकळती वाफ हातातोंडावर उसळते. घाटात काटा चढलाच, तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण सुरू करावा, सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे आणि ते निवेपर्यंत धीर धरावा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. धातूला तडा जाऊ शकतो.

सांडलेल्या कूलंटचीही काळजी घ्यावी. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. अंगणातले थारोळे चाटून कुत्र्या-मांजरांचा जीव जातो. लहान मुलांनाही तोच धोका. म्हणून खाली परात ठेवावी, जमीन लगेच धुऊन पुसावी आणि जुने कूलंट गटारात न ओतता बंद डब्यात गॅरेजला द्यावे.

गाडी ताब्यात घेताना ‘कूलंट भरले का?’ एवढेच विचारणे पुरेसे नाही. ‘हवा काढली का, आणि पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवून पाहिले का?’ हेही विचारावे.