कॅम्पचा टी-शर्ट आणि शाळेतली नर्स

मागच्या रविवारी सकाळी मावसबहिणीचा फोन आला. ताई शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाळेवर शिक्षिका आहे. तिचे रविवारचे फोन एरवी 'जेवला का?' आणि 'लग्नाचं काय ठरवलंस?' या दोनच विषयांवर असतात. या वेळी विषय वेगळा होता. शुक्रवारी तिच्या तिसरीच्या वर्गात एका मुलाला फिट आली.

"मॅडम, पोऱ्या पडी गया!" असं ओरडत मुलं ऑफिसात आली. कोणी हुंगवायला चप्पल आणली, खिचडी शिजवणाऱ्या मावशी कांदा घेऊन आल्या, आणि ताईने (डी.एड., पंधरा वर्षं नोकरी) दातखीळ बसू नये म्हणून त्याच्या तोंडात चमचा घातला. अशा वेळी तोंडात काहीही घालायचं नसतं, माणसाला कुशीवर वळवायचं असतं, हे मी तिला फोनवर सांगितलं. मला तरी कुठून माहीत? तर ऑफिसात ट्रेनिंग झालं होतं म्हणून. आमच्या पुण्याच्या ऑफिसात सगळे पंचविशी-तिशीतले, एसीत बसून कोड लिहिणारे. तरी तळमजल्यावर मेडिकल रूम आहे आणि तिथे दिवसभर एक नर्स बसते. ताईच्या शाळेत दोनशे पोरं आहेत आणि एक चमचा आहे!

मुलगा सुखरूप आहे. नंतर कळलं की त्याला रोजच्या गोळ्या चालू होत्या. आईबाप कामाला गुजरातेत गेले, आजीकडच्या गोळ्या संपल्या, आणि महिनाभर कोणाच्या ते लक्षातच आलं नाही. म्हणजे आजार माहीत होता, औषधही माहीत होतं. 'गोळी घेतलीस का रे?' असं विचारणारं माणूस तेवढं नव्हतं.

आता कोणी म्हणेल, सरकारची शालेय तपासणी असते की! असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. दोन डॉक्टर, एक नर्स, एक फार्मासिस्ट असं पथक गाडीतून येतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. कार्यक्रम चांगला आहे. हृदयाला छिद्र असलेली कितीतरी मुलं अशा तपासणीत सापडतात, त्यांची ऑपरेशन्स होतात. पण शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा वर्षात किमान २२० दिवस भरली पाहिजे. पथक एक दिवस येतं. उरलेल्या २१९ दिवसांचं काय?

उरलेले दिवस बाईंच्या आणि गुरुजींच्या गळ्यात! लोहाच्या गोळ्या त्यांनीच वाटायच्या, जंतनाशक दिनाला गोळ्या त्यांनीच द्यायच्या. २०२० मध्ये केंद्राची शालेय आरोग्याची नवी योजना आली, तिच्यात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक 'आरोग्यदूत' झाले. जनगणना, निवडणूक, खिचडीचा हिशोब, आता आरोग्य. त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं याची यादी आहे: वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. नर्स नाही. कुंपण आहे, नर्स नाही.

तर यावर हल्लीचं लाडकं उत्तर म्हणजे 'सार्वजनिक-खासगी भागीदारी'. कंपन्यांकडे पैसा आहे, सरकारकडे शाळा आहेत, लावून द्या जोडी. माझा याला विरोध आहे असं नाही. पण ही भागीदारी मी आतून पाहिलेली आहे, म्हणून थोडं सांगतो.

आधीच्या एका कंपनीत असताना आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेत 'हेल्थ कॅम्प' केला होता. मी खान्देशातला म्हणून मलाच पुढे केलं. सगळ्यांना निळे टी-शर्ट. तीनशे मुलं, पाच तास. गणित करा, एका मुलाला एक मिनिट. डोळे तपासायचा तक्ता मी धरला होता. फोटो छान आले. रात्री हॉटेलात बसून मी एक्सेल शीट बनवली: नाव, इयत्ता, वजन, दृष्टी, शेरा. शेवटचा कॉलम 'फॉलो-अप'. सव्वीस मुलांना चष्मा लागणार होता. पुढच्या तिमाहीत कंपनीने विषय बदलला, झाडं लावायची ठरली. काही महिन्यांनी मी नोकरी सोडली. सोडेपर्यंत तो शेवटचा कॉलम रिकामाच होता. एक मुलगी फळ्यापासून दोन हातांवर बसूनही डोळे बारीक करत होती, ती अजून आठवते. मी पाठपुरावा करू शकलो असतो. केला नाही.

आमच्या धंद्यात डेमो वेगळा आणि सपोर्ट वेगळा. डेमोला टाळ्या मिळतात, सपोर्टवाल्याला रात्री दोनला फोन येतात. कॅम्प म्हणजे डेमो, नर्स म्हणजे सपोर्ट. कंपन्यांना डेमोसाठी पैसे द्यायला आवडतं. यात त्यांचा स्वभाव जितका आहे तितकाच नियमही आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. पण २०२१ च्या नियमांप्रमाणे 'चालू प्रकल्प' सुरुवातीचं वर्ष सोडून फार तर तीन वर्षांचा. म्हणजे चार वर्षांत खेळ खलास. पहिलीत आलेलं पोर चौथी पास होईपर्यंत नर्सबाई गायब!

राज्य सरकारची २०२३ ची दत्तक शाळा योजना घ्या. देणगीदाराने पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घ्यायची, रोख नाही, वस्तू आणि सेवा द्यायच्या. मोठी देणगी असेल तर शाळेच्या नावाला आपलं नाव जोडून मिळतं. आता सांगा, ज्याला नाव हवंय तो काय देईल? कमान, रंग, संगणक कक्ष. नर्सवर नाव कुठे रंगवणार?

दुसऱ्या बाजूचे लोकही मला पटत नाहीत. ताईच्या शाळेतले एक सर म्हणाले, "खासगी पैसा शाळेत नकोच, ही सरकारची जबाबदारी." तत्त्व बरोबर आहे हो सर. पण १९४६ च्या भोर समितीपासून शालेय आरोग्याचे अहवाल येतायत. तत्त्व अहवालात आणि चमचा पोराच्या तोंडात, असं किती वर्षं चालवायचं?

मुळात 'भागीदारी' या एका शब्दात दोन उलट्या गोष्टी लपतात. २०१४ साली सुरू झालेली आपली १०८ अँब्युलन्स बघा: सुरुवातीला ९३७ गाड्या, पैसा सरकारचा, माणसं आणि गाड्या चालवायचं काम कंपनीचं. शाळेतल्या नर्सला याच्या नेमकं उलट हवं. पैसा कंपनीचा चालेल, माणूस सरकारचा पाहिजे. कारण अँब्युलन्सशी आपला संबंध तासाभराचा. नर्सशी संबंध पोर मोठं होईपर्यंतचा.

आणि हे मी हवेत बोलत नाहीये. १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड या बाईंनी आपल्या खासगी सेवाभावी संस्थेची लीना रॉजर्स ही नर्स महिनाभरासाठी शाळांना दिली. आधी डॉक्टर यायचे, खरूज किंवा डोळे आलेलं पोर दिसलं की घरी पाठवायचे, आणि ते घरीच राहायचं. नर्सने शाळेत मलमपट्टी केली, घरी जाऊन आईला समजावलं. वर्षभरात घरी पाठवलेल्या मुलांची संख्या दहा हजारांवरून अकराशेच्या आसपास आली. पण मला आवडतो तो वॉल्डबाईंचा व्यवहार. प्रयोग जमला तर नर्सचा पगार सरकारी पैशातून व्हावा म्हणून प्रयत्न करू, असा शब्द त्यांनी अधिकाऱ्यांकडून सुरुवातीलाच घेतला होता. शहराने खरंच आणखी नर्सेस नेमल्या.

आपल्याकडे तर राजाने तिजोरीतून केलं होतं. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा पोर बडोद्याचा सयाजीराव झाला, १९०६ साली त्याने संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि १९०९ साली बडोदा शहरात शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी झाली, भारतातली पहिली. मुलांना शाळेत यायला लावलं तर त्यांच्या तब्येतीकडेही बघायला हवं, इतका साधा हिशोब.

तर माझ्या चार अटी.

१. आधी पद, मग पैसा. नर्सचं पद जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाचं. तिचा साहेब प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर, कंपनीचा एचआर नव्हे.

२. एका केंद्रातल्या सगळ्या शाळांना मिळून एक नर्स. कंपन्यांचा पैसा जिल्ह्याच्या एकाच सरकारी खात्यात, म्हणजे हायवेवरची देखणी शाळा निवडून फोटो काढायचा मोह नको.

३. पहिल्याच दिवशी ठराव: कंपनीचा पैसा संपेल त्या तारखेपासून पगार जिल्हा परिषदेच्या किंवा राज्याच्या बजेटात. तारीख लिहून. तारीख नसेल तर चेक परत.

४. मुलांच्या आरोग्याची माहिती कंपनीकडे जाणार नाही. हे मी डेटाच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतोय. 'फुकट अॅप देतो' म्हणणाऱ्याला आधी दारात उभा करा.

खर्च? धुळे जिल्ह्याचे चार तालुके आणि जळगावचे चोपडा, यावल, रावेर असे सातपासून सुरुवात करू. तालुक्याला पंधरा केंद्रं धरली तर १०५ नर्सेस. पगार, औषधं, पेट्रोल मिळून एकीचे वर्षाला साडेचार लाख धरा. पावणेपाच कोटींच्या आत काम होतं. आकडे माझे, अंदाजाचे, पण दुप्पट केले तरी अशक्य वाटत नाहीत. कायदा सांगतो की कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं, पण सक्ती नाही. खान्देशातली हजारो पोरं पुण्यात राबतात आणि त्यांच्या घामाचे दोन टक्के मात्र बाणेर-हिंजवडीच्या झाडांना! आमचा परिसर कुठला, हे कधीतरी आम्हालाही विचारा की.

असो. सोमवारी मी आमच्या सीएसआरवाल्या मॅडमना मेल टाकणार आहे, या चार अटींसकट. 'स्कोप'मध्ये बसत नाही असं उत्तर येईल, याची नव्वद टक्के खात्री आहे. तरी टाकणार. आणि जुन्या कंपनीतल्या मित्राकडे ती एक्सेल शीट मागितली आहे, निदान ती सव्वीस नावं शाळेला तरी कळवावीत.

ताईचा काल परत फोन आला. तिने कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय: त्या पोराचं नाव, गोळीचं नाव आणि रोजची टिक करायला चौकोन. सोमवार ते शनिवार.

"रविवारचं काय करू रे?" तिने विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर सांगा.