पळी कोणाच्या हाती?

खानदेशात वरण-बट्टीची पंगत घालायची, तर पीठ किती लागेल हे सांगायला पुण्या-मुंबईहून तज्ज्ञ आणावा लागत नाही. गावातली जाणती माणसे उंबरे मोजतात आणि आकडा सांगतात. पण असलेच एखादे गाव युद्धात होरपळले, की त्याची अक्कलही घरादाराबरोबर जळून जाते, असा जगातल्या दानशूरांचा समज दिसतो! याद्या परदेशात होतात, निर्णय परदेशात होतात. गावकऱ्याने फक्त पोती उतरवायची.

२०१६ साली इस्तंबूलच्या परिषदेत मोठमोठ्या देणगीदारांनी शब्द दिला, की २०२० पर्यंत मदतीच्या पैशांपैकी निदान चौथा हिस्सा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना देऊ. मुदत केव्हाच उलटली. शब्द हवेतच राहिला. कारण? म्हणे, स्थानिकांना कारभार जमत नाही!

जमत नाही? कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. रशियातल्या हद्दपारीतून सुटलेली ही बहुतेक बायकामुले. छप्पर परक्या मुलखातले. पण शाळा, प्रार्थनामंदिर, बालवीरांची पथके, नाटके, सारा संसार त्यांनी आपल्या हातांनी उभा केला.

सुदानात एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटले. परदेशी संस्थांची बरीच माणसे निघून गेली. चुली पेटत्या ठेवल्या त्या मोहल्ल्यांतल्या तरुणांच्या मदत-कक्षांनी. पुढे २०२५ च्या आरंभी अमेरिकेने पैसा रोखला आणि त्यांची शेकडो स्वयंपाकघरे बंद पडली. पळी तिथल्यांच्या हाती, थैलीची नाडी मात्र वॉशिंग्टनला! याला का स्थानिक नेतृत्व म्हणायचे?

स्थानिक माणूस आपल्या जातीच्या, आपल्या गटाच्या पानावर आधी वाढील, ही भीती खोटी नाही. रोजगार हमीचे हजेरीपट पाहिलेल्या आपल्याला ते कोणी शिकवायला नको. पण त्यावर उपाय पळी हिसकावून घेणे हा नव्हे. हिशेब चावडीवर वाचायला लावणे हा आहे. आणि त्याच चावडीवर परदेशी कचेऱ्यांच्या पगाराचे नि मोटारींचे आकडेही वाचले जावेत!

२०२० च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा रस्त्याने मजुरांचे तांडे धुळे-शिरपूरवरून पायी चालले होते. तेव्हा रस्त्याकाठच्या लोकांनी पाणी-भाकरी देताना कोणाच्या अहवालाची वाट पाहिली नाही.

वाचकहो, या दिवाळीत दूरच्या युद्धग्रस्तांसाठी पावती फाडाल, तर एवढेच विचारा: यातले किती पैसे तिथल्या माणसाला आपल्या विचाराने खर्चता येतील? उत्तर देताना मागणारा चाचरला, तर पाकीट खिशातच राहू द्या आणि दुसरे दार शोधा.