रिपोर्ट नॉर्मल आहेत!

गेल्या महिन्यात भाच्याच्या मुंजीत पंगतीला बसले आणि दीड पुरी खाऊन हात थांबवला. लगेच शेजारून, "अगं, एवढंसंच? रिपोर्ट नॉर्मल आलेत ना तुझे? मग टेन्शन घेणं सोड, सगळं मनाचं असतं." म्हणणाऱ्या काकू हे वाचणार आहेत याची मला पूर्ण कल्पना आहे. काकू, राग नाही. पण आज उत्तर देतेच.

मुळात नॉर्मल काय होतं? एंडोस्कोपी आणि सोनोग्राफी. एंडोस्कोपीत कॅमेरा जठराचं आतलं अस्तर बघतो. व्रण, गाठ, सूज असेल तर दिसते. पण जठर म्हणजे नुसती पिशवी नव्हे, ती गिरणी आहे. मिनिटाला साधारण ३ लाटा उठतात, अन्न घुसळलं जातं आणि थोडं थोडं पुढे ढकललं जातं. या लाटांचा ठेका धरणाऱ्या 'काहाल पेशी' स्नायूंच्या थरात असतात, कॅमेऱ्याला त्या दिसतच नाहीत. बंद पडलेल्या गिरणीचा फोटो काढा. जातं जागेवर, पट्टा जागेवर, सगळं नॉर्मल! दळण मात्र तसंच पडलेलं.

दोन वर्षं मी "टेन्शन घेता का?" हा प्रश्न ऐकला. (आधी नव्हते घेत, नंतर घ्यायला लागले.) मग एका डॉक्टरीणबाईंनी वेगळी तपासणी सांगितली. किंचित किरणोत्सारी पदार्थ मिसळलेलं खाणं खायचं आणि ४ तास थोड्या थोड्या वेळाने कॅमेऱ्यासमोर जायचं. ४ तासांनी १० टक्क्यांहून जास्त अन्न जठरात उरलं तर गती मंद. माझं जवळजवळ चौथा हिस्सा उरलं होतं. या दुखण्याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. मधुमेहात होतं, इतरही कारणं असतात, माझ्या बाबतीत कारण सापडलं नाही. पण त्या दिवशी स्कॅनचा कागद हातात धरून मी रिक्षात चक्क रडले. आनंदाने हो!

आता 'मनाचं' या शब्दाकडे वळते, कारण खरा राग त्याच्यावरच आहे. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. पुढच्या दोन-तीन वर्षांतच हार्वर्डमध्ये वैद्यकी शिकणाऱ्या वॉल्टर कॅननने मांजरांना बिस्मथ मिसळलेलं खाणं घालून त्यांच्या जठराच्या लाटा पडद्यावर पाहिल्या. मांजर चिडलं, घाबरलं की लाटा थांबायच्या. शांत झालं की परत सुरू. म्हणजे मनाचा परिणाम होतो, कबूल! पण थांबलं ते खरोखरचं जठर होतं ना? त्या मांजरीला कोणी "तुला काही झालेलं नाही" असं म्हटलं नाही.

उलट बाजूही ऐका. १८९९ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवलं की बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी कुत्र्याचं आतडं आतला घास पुढे ढकलत राहतं. पचनमार्गाच्या भिंतीत १० कोटींहून जास्त चेतापेशींचं स्वतःचं जाळं आहे. ते डोक्याशी सतत बोलतं, पण प्रत्येक कामाला परवानगी मागत बसत नाही. म्हणूनच २०१६ च्या 'रोम ४' निकषांत तज्ज्ञांनी अशा कितीतरी तक्रारींसाठी 'फंक्शनल' हा शब्द मागे सारून 'आतडं आणि मेंदू यांच्या संवादातले विकार' असं नाव पुढे आणलं. आमच्याकडे मात्र अजून "काही नाही हो, गॅसेस!"

आणि तुमचे उपाय! "रोज साजूक तूप घे, आतडं मऊ राहतं." "कोशिंबीर वाढव." अहो, तूप आणि कच्च्या भाज्यांचा चोथा, दोन्हींनी जठर आणखी उशिरा रिकामं होतं. प्रेमाने वाढलेल्या त्या तुपाने मी किती रात्री बसून काढल्यात, ते फक्त नवऱ्याला ठाऊक.

असो. गणपतीला सगळे आमच्याकडे जमणारच आहात. मी दर दोन-अडीच तासांनी वाटीभर मऊ भात घेऊन कोपऱ्यात बसलेली दिसेन. गप्पा मारायला जरूर या. मोदक एकच घेईन, आणि काकू, त्याच्यावर तूप नको.