परिच्छेद 228 मधलं शेवटचं वाक्य

प्रति,
अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी,
रेल्वे बोर्ड, रेल भवन, नवी दिल्ली

महोदय,

रेल्वेच्या एस्टॅब्लिशमेंट मॅन्युअलचा पहिला खंड, 1989 ची सुधारित आवृत्ती, परिच्छेद 228. या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य काढून टाकावं, या मुख्य मागणीसाठी हे खुलं पत्र लिहितोय.

मी सुरतेत उधन्याला राहतो. उधना, लिंबायत, डिंडोली हा सगळा पट्टा खानदेशी माणसांनी भरलेला. ताप्ती व्हॅलीच्या लायनीवरून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडची कुटुंबं इथे येऊन उतरली. बहुतेक जण लूमवर लागले, काहींना रेल्वेतच चिकटायला मिळालं. त्यांतले निवृत्तीला टेकलेले किंवा निवृत्त झालेले लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. मी वकील नाही, पण आस्थापना शाखेची भाषा मला कळते. अर्ज इंग्रजीत लागतो, गाऱ्हाणं अहिराणीत सांगितलं जातं, मधलं काम माझं.

परिच्छेद 228 वाचायला घेतला तर सुरुवातीला चांगलाच प्रामाणिक वाटतो. प्रशासनाच्या चुकीमुळे कधी कधी कर्मचाऱ्याची बढती हुकते, हे त्यात सरळ कबूल केलंय. का हुकते तेही सांगितलंय: ज्येष्ठता चुकीची लावली गेली, किंवा बढतीचा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्यापुढे सगळी माहिती ठेवलीच गेली नाही. प्रत्येक प्रकरण त्याच्या गुणावगुणांवर तपासावं, असंही म्हटलंय. मग उपाय येतो. अशा माणसाला बढती देताना, त्याच्या आधी वर गेलेल्या कनिष्ठांच्या तुलनेत त्याची योग्य जागा त्याला परत द्यावी. पगार मागच्या योग्य तारखेपासून कागदावर निश्चित करावा, ज्याला सगळे प्रोफॉर्मा फिक्सेशन म्हणतात. आणि वाढीव पगार प्रत्यक्ष बढतीच्या दिवसापासून सुरू करावा. इथवर ठीक. त्यानंतर ते वाक्य: थकबाकी मात्र मिळणार नाही, कारण या माणसाने वरच्या पदाची कामं आणि जबाबदाऱ्या प्रत्यक्ष सांभाळल्या नव्हत्या.

सांभाळल्या नव्हत्या, हे खरंच. सांभाळणार कुठून? पद त्याला कुणी दिलंच नव्हतं. तो रोज हजेरी लावत होता, खालच्या पदावर खालच्या पगारात राबत होता, आणि त्याच्यामागून भरती झालेला माणूस त्याच्यावर सुपरवायझर म्हणून उभा होता. चूक आस्थापना शाखेने केली, ती चूक आहे हे आस्थापना शाखेनेच मान्य केलं, आणि भुर्दंड बसला तो या चुकीशी कसलाच संबंध नसलेल्या माणसाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

किती पैशांची गोष्ट आहे, ते आपल्याच वेतन तक्त्यावरून मांडून दाखवतो. समजा, एक टेक्निशियन ग्रेड वन आहे, सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल 5 मध्ये, मूळ वेतन 33,900. सीनियर टेक्निशियन म्हणून तो लेव्हल 6 मध्ये जायला हवा. नियमाप्रमाणे आधी खालच्या लेव्हलमध्ये एक वेतनवाढ धरायची, म्हणजे 34,900, आणि लेव्हल 6 मधला त्याच्या बरोबरीचा किंवा लगेच वरचा आकडा घ्यायचा: 35,400. पहिल्या वर्षी दरमहा फरक फक्त 1,500 रुपये. दुसऱ्या वर्षी 1,600, मग दोन वर्षं 1,700, पाचव्या वर्षी 1,800. चूक सापडून दुरुस्त व्हायला पाच वर्षं लागली, तर मूळ वेतनातलाच फरक 99,600 रुपये होतो. महागाई भत्ता वेगळा. रेल्वेच्या अंदाजपत्रकात हा आकडा दिसणारसुद्धा नाही. लेव्हल 5 च्या घरात तो मुलीच्या डिप्लोमाची फी असतो.

आता ही चूक पकडायची कुणी? तर ज्याचं नुकसान झालं त्यानेच. ज्येष्ठता यादी नोटीस बोर्डावर लागते. बारीक टायपातली पानंच्या पानं, अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, ग्रेडमध्ये आल्याची तारीख, प्रवर्ग, शेरा. रात्रपाळी करून निघालेला माणूस त्यात आपलं नाव शोधतो, सापडलं की बोट ठेवून समाधानाने घरी जातो. आपल्या वरच्या चाळीस नावांमध्ये एकाची तारीख चुकलेली आहे, हे त्याला कसं कळावं? त्या चाळिसांतले निम्मे दुसऱ्या डेपोत असतात, त्यांची तोंडंही त्याने पाहिलेली नसतात. आणि याच मॅन्युअलचा परिच्छेद 321 सांगतो की यादी प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत हरकत घ्या, त्यानंतर ज्येष्ठता बदलण्याचा विचार केला जाणार नाही. म्हणजे कामगाराचं एक वर्ष चुकलं तर त्याचा हक्क बुडाला, आणि प्रशासनाची दहा वर्षं चुकली तरी त्याला एक रुपया मोजावा लागत नाही.

दाद मागायची म्हटलं तर सुरतेचा भूगोलही आडवा येतो. आमची लाइन जळगावपर्यंत मुंबई विभागात मोडते, त्यामुळे फाइल मुंबई सेंट्रलला. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट, त्याचं गुजरातसाठीचं पीठ अहमदाबादला. दोन्हीकडे जायचं तर दिवस मोडतो. 1985 च्या कायद्याप्रमाणे आधी खात्यात निवेदन द्यायचं, सहा महिने उत्तराची वाट पाहायची, मग वर्षाच्या आत कॅटमध्ये अर्ज. तिथे जिंकलात आणि प्रशासन पुढे गेलं, तर 1997 पासून पुढची पायरी उच्च न्यायालय, तीही अहमदाबादेतच, सोल्याला. लाखभराच्या थकबाकीसाठी हे सगळं करणारा माणूस एक तर फार चिडलेला असतो किंवा निवृत्त तरी झालेला असतो. माझ्याकडे दोन्ही प्रकारचे येतात. मी बहुतेकांना ज्येष्ठतेपुरता अर्ज लिहून देतो आणि थकबाकीचं मनातून काढा म्हणतो. हा सल्ला देताना जीभ अडखळते, पण आपल्या मॅन्युअलमध्ये ते वाक्य असेतो दुसरा प्रामाणिक सल्ला नाही.

न्यायालयांनी काय म्हटलंय याची आपल्या विधी शाखेला माहिती असेलच. तरी सांगतो, कारण अर्ज फेटाळताना त्यातली अर्धीच बाजू लिहिली जाते. काम नाही तर दाम नाही हे तत्त्व 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्याच एका प्रकरणात लावलं. पुढच्याच वर्षी, 27 ऑगस्ट 1991 ला, जानकीरामन खटल्याचा निकाल आला. तो लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत, मुंबई उच्च न्यायालयातून तिथे गेलेले आपले मराठी न्यायाधीश. कर्मचारी काम करायला तयार आहे, त्याचा काही दोष नाही, आणि प्रशासनानेच त्याला त्या कामापासून दूर ठेवलंय, अशा ठिकाणी हे तत्त्व लागू होत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. तो खटला चौकशी चालू असताना बढतीचा निर्णय सीलबंद लिफाफ्यात ठेवण्याबद्दलचा होता, ज्येष्ठता यादीतल्या चुकीचा नव्हता, हे मान्य. पण ज्याच्यावर आरोप होते आणि जो पुढे पूर्ण निर्दोष ठरला, त्याला मागचा पगार मिळू शकतो. मग ज्याच्यावर कधी आरोपच नव्हता, त्याने काय घोडं मारलंय?

1997 च्या ऑगस्टमध्ये प्रश्न थेट थकबाकी नाकारणाऱ्या त्या वाक्यावर आला. ते मूळ 15/17 सप्टेंबर 1964 च्या बोर्डाच्या परिपत्रकातलं. कॅटने ते काढून टाकायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1990 च्या निकालाचा आधार घेऊन ते राहू दिलं. कर्मचाऱ्यांना मानीव बढती आणि पेन्शनचा लाभ मिळाला, थकबाकी नाही. 2006 मध्ये पुन्हा परिच्छेद 228 कडे बोट दाखवून थकबाकी नाकारली गेली. त्यानंतर मात्र वारं हळूहळू फिरताना दिसतं. 2007 मध्ये केरळच्या एका प्रकरणात न्यायालय म्हणालं की असा सरसकट नियम करता येत नाही, प्रत्येक प्रकरणाची वस्तुस्थिती पाहावी लागते. 2015 मध्ये लष्करातल्या एका नायब सुभेदाराला मागच्या तारखेची बढती मिळाली पण पगार नाकारला, तेव्हाही काम नाही तर दाम नाही हे डोळे झाकून लावायचं तत्त्व नव्हे, असं सांगून न्यायालयाने पगार दिला.

यातला महत्त्वाचा मुद्दा आपल्या शाखांच्या उत्तरांत कधीच येत नाही. न्यायालयाने ते वाक्य अवैध ठरवलं नाही, हे खरं. पण ते ठेवलंच पाहिजे, असंही कुठे म्हटलेलं नाही. ते वाक्य बोर्डाने लिहिलंय आणि बोर्डच ते पुसू शकतं. त्यासाठी संसदेची गरज नाही, घटनादुरुस्तीची नाही. एक अ‍ॅडव्हान्स करेक्शन स्लिप पुरते. मॅन्युअलला अशा किती स्लिपा चिकटवलेल्या असतात, ते कुठल्याही विभागीय कार्यालयातली जुनी प्रत उघडून पाहावं.

प्रत्यक्ष जबाबदारी सांभाळल्याशिवाय पगार नाही, हे तत्त्व सरकार स्वतः तरी पाळतं का? नेक्स्ट बिलो रूल काय आहे? प्रतिनियुक्तीवर गेलेल्या अधिकाऱ्याचा कनिष्ठ मूळ संवर्गात वर चढला, की त्या अधिकाऱ्यालाही वरच्या वेतनाचा लाभ मिळतो, वरच्या पदावर एक दिवस न बसता. आणि ते योग्यच आहे, कारण तो सरकारच्या सोयीसाठी बाहेर गेलेला असतो. आमचा टेक्निशियन सरकारच्या चुकीसाठी खाली राहिलेला असतो. सोयीला पैसे आणि चुकीला शून्य, याचं तर्कशास्त्र मला कुणी समजावून सांगेल तर मी ऋणी राहीन.

चूक उलट्या बाजूने झाली की काय होतं तेही पाहा. फिक्सेशनमध्ये जास्त पगार गेला, तर ग्रॅच्युइटीतून वसुली निघते. हे इतकं बोकाळलं की 18 डिसेंबर 2014 ला सर्वोच्च न्यायालयाला व्हाईट वॉशर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात सांगावं लागलं की तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून अशी वसुली करू नका. चूक कामगाराच्या फायद्याची झाली तर ती मागच्या तारखेपासून हिशोबात धरायची, तोट्याची झाली तर आजपासून.

आक्षेप काय येईल, तेही ठाऊक आहे. त्या काळात वरचं पद रिकामं नव्हतं, कनिष्ठाने तिथे काम केलं आणि पगार घेतला, मग एकाच पदासाठी दोनदा पैसे का मोजायचे? आक्षेप पोकळ नाही. खरंच दोनदा पैसे जातील. पण ते टाळायचं असेल तर यादी नीट करणं हा मार्ग आहे. पैसे जाणार म्हटलं की याद्या आपोआप काळजीपूर्वक तपासल्या जातील. आज चुकीची किंमत शून्य असल्यामुळे तपासायची घाई कुणालाच नाही. कामगाराने स्वतः कागद दडवले असतील, परीक्षेला बसायचं नाकारलं असेल, बदली नको म्हणून बढती सोडली असेल, तर त्याला थकबाकी देऊ नका. त्याबद्दल कुणी भांडणार नाही.

म्हणून माझी मागणी अशी. शेवटच्या वाक्याऐवजी एवढंच लिहावं की बढतीला झालेला उशीर पूर्णपणे प्रशासनाच्या चुकीने झाला असेल आणि कर्मचाऱ्याचा त्यात काही वाटा नसेल, तर प्रोफॉर्मा तारखेपासूनची थकबाकी देय राहील. इतर प्रकरणांत सक्षम अधिकारी कारणं लेखी नोंदवून निर्णय देईल. परिच्छेदाच्या सुरुवातीला प्रत्येक प्रकरण गुणावगुणांवर पाहा म्हटलंय, त्याच्याशी हे जुळतं. आजचं वाक्य जुळत नाही. ज्या एचआरएमएस या संगणक प्रणालीवर आमचे पास निघतात, त्याच पडद्यावर प्रत्येकाला आपला ज्येष्ठता क्रमांक आणि तो कोणत्या तारखेवरून ठरला, हे दिसू द्यावं. आणि परिच्छेद 321 मधलं एक वर्ष नोटीस बोर्डावर कागद लागल्यापासून नव्हे, तर ही माहिती त्या माणसाच्या हाती पडल्यापासून मोजावं.

1964 पासूनची सगळी प्रकरणं उकरून काढा, असं मी म्हणत नाही. सततच्या नुकसानीच्या दाव्यांत न्यायालयं साधारण तीन वर्षांपुरतीच थकबाकी देतात. तीच मर्यादा घालायची तर घाला. मात्र स्लिप निघेल त्या दिवशी ज्यांची निवेदनं प्रलंबित असतील, त्यांना ती लागू करा, आणि अर्जदार मधल्या काळात वारला असेल तर त्याच्या बायकोला. नाही तर ती स्लिप विभागात पोचेल, तिथे ती पुढच्या प्रकरणांपासून लागू आहे असा शेरा मारला जाईल, आणि मला पुन्हा अर्ज लिहायला बसावं लागेल.

आपला,
अर्ज लिहून देणारा एक निवृत्त माणूस
उधना, सुरत