वार्ता पोचली, पारख कोण शिकविणार?

विज्ञानाची वार्ता आता गावाच्या वेशीपाशी अडून राहत नाही. परदेशी प्रयोगशाळेत काही घडले की सायंकाळपर्यंत ते चावडीवर मोबाईलमधून वाचले जाते. परंतु त्याच वाटेने आणि त्याच वेगाने अफवाही येते. २०२१ साली करोनाच्या लशीविषयी हेच झाले. माहितीचा तुटवडा नव्हता. शंका निरसन करणारे विश्वासाचे माणूस जवळ नव्हते.

या व्याधीवरील उपाय आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात पूर्वीच सिद्ध झाला आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला कार्य आरंभिले, तेव्हा त्या भागात हजारी १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. त्यांनी केवळ इस्पितळावर भिस्त न ठेवता गावच्याच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका केले. त्या दर आठवड्यास जामखेडला जमत, शंका विचारीत, आणि हगवणीत मीठसाखरेचे पाणी का द्यावे, हे शेजारणीस तिच्याच बोलीत समजावीत. १९७६ पर्यंत तो आकडा ५२ वर आला. त्यासाठी नवे औषध शोधावे लागले नाही. जुनेच ज्ञान घरोघर पोचले.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली 'आशा' ही याच परंपरेची वारसदार होय. तिला नोंदवह्यांत गुंतवून ठेवणे हा अपव्यय आहे. आठवड्यातून एक दिवस तिला डॉक्टरांपुढे प्रश्न विचारण्यास बसवावे, आणि तिचे उत्तर ग्रामसभेने ऐकावे. वार्ता यंत्र आणील. विश्वास माणसानेच कमवावा लागतो.